आज गाडी कोणाची?
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नागपूरहून वर्ध्याला निघालं की बुटीबोरी मागे टाकल्यावर, वर्ध्याच्या पंचवीस-सव्वीस किलोमीटर अलीकडे केळझर लागतं. किल्ल्याच्या टेकाडावर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते, त्यामुळे चतुर्थीला गावाच्या फाट्यावर गाड्यांची दाटी होते. पण आम्हा केळझरकरांचा खरा अभिमान त्याहून जुना आहे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं आमच्याकडे मानतात. बंगालातल्या बीरभूम जिल्ह्यातले लोकही आपल्या एका गावाबद्दल हेच सांगतात, पण ते आम्ही मनावर घेत नाही.

एकचक्रानगरी म्हटली की बकासुर आला. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातल्या व्यवस्थेकडे आपलं लक्ष जात नाही. बकासुर सगळ्यांनाच खात सुटला तर गाव ओस पडेल, म्हणून गावानं एक ठराव केला. रोज एका घरानं गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ती गाडी हाकणारा माणूस पाठवायचा. अन्न गेलं, रेडे गेले आणि हाकणाराही गेला. बाकीचं गाव त्या दिवशी निर्धास्त. लहानपणी ऐकताना आमचा सगळा जीव भीमाच्या मुठीत अडकलेला असे. आता वय झाल्यावर मला त्या घराची आठवण येते, ज्याच्या दारात सकाळी सकाळी गाडी जुंपायची वेळ आली होती.

ही गोष्ट मला अलीकडे आठवली ती मुंबईच्या टॅक्सींमुळे. ३० ऑक्टोबर २०२३ या दिवशी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, जुन्या हिंदी सिनेमांच्या आठवणी निघाल्या. आमच्याकडे काळी-पिवळी म्हटलं की जीप डोळ्यांसमोर येते. दहा-बारा माणसं कोंबलेली, ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर लटकलेला. मुंबईकरांची काळी-पिवळी म्हणजे ही पद्मिनी. रंग एकच, जात निराळी. तिच्या निवृत्तीच्या मागे जवळजवळ पाव शतकाचा इतिहास आहे, आणि तो केवळ मुंबईचा नाही.

मुंबईत मोटार टॅक्सी आली १९११ साली. त्याआधी घोड्यांच्या व्हिक्टोरिया होत्या, आणि टॅक्सी आल्यावरही त्या लगेच गेल्या नाहीत. शेवटी शेवटी त्या गेटवेपाशी हौशी प्रवाशांना फिरवत राहिल्या. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. त्यांच्या बाबतीत कारण धुराचं नव्हतं, घोड्यांच्या हालाचं होतं. वाहन काळानं मागं पडलं तरी हटत नाही. कोणीतरी हुकूम काढावा लागतो, एवढंच त्यावरून ध्यानात घ्यायचं.

पद्मिनीचं घराणं मोठं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याखाली गाड्या बनू लागल्या. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आली, पुढे तिला प्रेसिडेंट हे नाव मिळालं आणि १९७४ पासून चितोडच्या राणीवरून पद्मिनी. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली, पुढची सीट सलग बाकासारखी, आणि बाहेर डाव्या बाजूला लोखंडी मीटर. गिऱ्हाईक बसलं की ड्रायव्हर खिडकीतून हात काढून तो खट्‌कन पाडायचा. इंजिन उघडून कुठल्याही गल्लीतला मिस्त्री ती दुरुस्त करी. टॅक्सीवाल्याला दुसरं काय हवं असतं? नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या घरात टॅक्सी होत्या आणि त्यांत बहुतेक सगळ्या याच.

आता धुराकडे वळू. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असे. शिसं नसलेलं पेट्रोल चार महानगरांत १९९५ मध्ये आलं, आणि देशभर शिसं हद्दपार व्हायला २००० साल उजाडलं. त्यात मुंबईच्या अनेक टॅक्सींत मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं होतं, कारण डिझेल स्वस्त. जुनं इंजिन, ढिली पिस्टन रिंग, दिवसातले बारा-चौदा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली रांग. यातून जे बाहेर पडायचं ते माहीम-दादरच्या सिग्नलवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या नाकात जायचं. ‘पीयूसी’चा नियम होता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे, त्यात धुराची मर्यादा घातलेली. पण पीयूसीचा कागद आणि धूर यांचा संबंध किती असतो, हे ज्यानं कधी गाडी बाळगली आहे त्याला मी सांगायला नको.

१९९९ साली मुंबईत ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संस्थेनं उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. धुरानं पीडित रहिवाशांचा मंच, असं साधं नाव. न्यायालयानं तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं इंधन तपासलं, तपासणीची पद्धत पाहिली, वाहनांची वयं पाहिली. पुढच्या दोन-तीन वर्षांत न्यायालयाचे आदेश निघत गेले. त्यांचा मथितार्थ असा, की ठरावीक वयापुढच्या टॅक्सी, रिक्षा आणि व्यापारी वाहनं मुंबईत चालायची असतील तर ती स्वच्छ इंधनावर आणा. नाहीतर बंद करा.

स्वच्छ इंधन म्हणजे सीएनजी. इथे मुंबईचं नशीब बलवत्तर होतं. बॉम्बे हायचं तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडलं होतं, त्याचा वायू उरणला येत होता, आणि तो शहरात पुरवण्यासाठी १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी उभी राहिलेली होती. समुद्राच्या पोटातला वायू नळीनं येऊन टॅक्सीत भरला जाणार, ही कल्पना तेव्हा नवलाची वाटली. पण पंप थोडे आणि टॅक्सी हजारो. रात्र रात्र रांगेत काढून ड्रायव्हर गॅस भरत. सिलिंडरनं डिकी व्यापली, म्हणून सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं. व्हीटीला उतरलेल्या आमच्यासारख्या वैदर्भीय प्रवाशाची ट्रंक दोरीनं टपाला बांधली जायची, ती याच काळात. आम्हाला ती मुंबईची रीत वाटायची; तिच्यामागे न्यायालयाचा हुकूम आहे, हे कोणाला ठाऊक होतं!

हवेला याचा फायदा झाला, यात शंका नाही. गॅसवर चालणारी टॅक्सी काळा धूर सोडत नाही, हे डोळ्यांना दिसतं. किटचा खर्च मात्र मुख्यतः टॅक्सीच्या मालकावर पडला. त्यानं तो केला, आणि मग काही वर्षांनी त्याला सांगण्यात आलं की आता तुझ्या गाडीचं वय झालं. राज्य सरकारनं २००८ मध्ये टॅक्सीसाठी पंचवीस वर्षांची मर्यादा घातली, २०१३ मध्ये ती वीसवर आणली. कुर्ल्यात पद्मिनी बनायची थांबली होती विसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. त्यात वीस मिळवा. तारीख आपोआप निघते. बेस्टच्या डिझेलवरच्या दुमजली बसही त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, शेवटच्या धावल्या. त्या १९३७ पासून होत्या. मुंबई टॅक्सीमेन्स युनियननं सरकारला विनंती केली होती की निदान एक पद्मिनी तरी जपून ठेवा. तिचा उपयोग झाला नाही.

वयावरून गाडी बाद करायची की धुरावरून, हा या सगळ्या इतिहासातला मूळ वाद आहे. वय मोजायला सोपं. आरसी बुकावर छापलेलं असतं, त्यात चिरीमिरी चालत नाही. पण वयाचा नियम आंधळा असतो. रोज तीनशे किलोमीटर पळणारी सहा वर्षांची गाडी आणि देवळापुरती बाहेर निघणारी अठरा वर्षांची गाडी यांत जास्त धूर कोणाचा? उलट धुरावरून न्याय करायचा तर यंत्र खरं हवं, ते चालवणारा खरा हवा, आणि तिथे पुन्हा कागदाचा प्रश्न आला. माझं मत विचाराल तर वयाचा नियम अन्यायाचा आहे आणि तरीही आपल्याकडे तोच थोडाफार पाळला जातो, कारण दुसऱ्याला पळवाटा फार. वयाच्या बाजूनं एक खरा मुद्दाही आहे. नव्या गाड्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होत गेले. २००० साली पहिला टप्पा आला, भारत स्टेज तीन देशभर २०१० मध्ये, चार २०१७ मध्ये, आणि पाच वगळून एकदम सहा १ एप्रिल २०२० पासून. त्याच वेळी इंधनातलं गंधकही दशलक्ष भागांत पन्नासवरून दहा भागांवर आणलं. म्हणजे जुन्या गाडीची कितीही निगा राखली तरी ती ज्या निकषावर जन्मली त्याच्या फार पुढे जाऊ शकत नाही.

परदेशात हा प्रश्न पैशानं सोडवला. १९९० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात युनोकाल या तेल कंपनीनं १९७१ पूर्वीच्या गाड्या प्रत्येकी ७०० डॉलरला विकत घेऊन मोडल्या; ८,३७६ गाड्या. कंपनीला काही हवेचा कळवळा आला नव्हता. कारखान्याची धुराडी सुधारण्यापेक्षा गाड्या मोडणं स्वस्त पडतं, हे तिला दाखवायचं होतं. पण ती युक्ती पुढे सरकारांनी उचलली. जर्मनीनं २००९ च्या मंदीत नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडणाऱ्याला नव्या गाडीसाठी अडीच हजार युरो दिले आणि वीस लाखांच्या आसपास गाड्या भंगारात गेल्या. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेनं पावणेसात लाखांच्या वर गाड्या घेतल्या. तिथली रीत मोठी चमत्कारिक होती. घेतलेली गाडी परत कोणी रस्त्यावर आणू नये म्हणून तिचं ऑईल काढून त्या जागी सोडियम सिलिकेट ओतायचं आणि इंजिन चालू करायचं. काही मिनिटांत ते आतून काचेसारखं घट्ट होऊन कायमचं बंद पडे. चालतं इंजिन असं मारताना गॅरेजवाल्यांना वाईट वाटलं असणार. आणि तो खटाटोप हवेसाठी किती आणि मोटार कारखान्यांसाठी किती, यावर तिकडे बरीच भवति न भवति झाली. पण एक गोष्ट तिथे पक्की होती: मोडलेली गाडी मेलेली असे, आणि तिच्या मालकाच्या हातात पैसे पडत.

आपल्याकडे दिल्लीनं वेगळा रस्ता धरला. जुलै १९९८ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जुन्या टॅक्सी, रिक्षा आणि बस हटवण्याच्या आणि बस सीएनजीवर नेण्याच्या तारखा ठरवून दिल्या. पुढे हरित लवादानं पेट्रोलच्या पंधरा आणि डिझेलच्या दहा वर्षांपुढच्या गाड्यांना तिथे बंदी केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं केवळ वयावरून मालकांवर कारवाई करू नका असं म्हटलं. म्हणजे वय की धूर, हा वाद वरपर्यंत जाऊनही तसाच राहिला. दरम्यान त्या गाड्यांचं काय झालं? त्या काही सगळ्या मोडल्या नाहीत. ना-हरकत दाखला घेऊन त्या दुसऱ्या राज्यांत गेल्या. नागपुरात जुन्या गाड्यांच्या बाजारात चौकशी करा. ‘दिल्ली पासिंग’ हे शब्द कानावर येतीलच, आणि भाव ऐकून मोहही होईल.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं देशभरासाठी भंगार धोरण आणलं. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, मार्चमध्ये नितीन गडकरी यांनी लोकसभेत तपशील मांडला, आणि १३ ऑगस्टला ते जाहीर झालं. गडकरी आमच्या नागपूरचे, त्यामुळे आमच्या भागात त्याची चर्चा जरा जास्तच. वीस वर्षांपुढच्या ५१ लाख आणि पंधरा वर्षांपुढच्या ३४ लाख हलक्या गाड्या देशात आहेत, योग्यतेचा दाखला नसलेली १७ लाख मध्यम आणि जड वाहनं आहेत, असे आकडे तेव्हा दिले गेले. या धोरणात सरसकट वयाची कुऱ्हाड नाही. व्यापारी गाडीला पंधरा आणि खासगी गाडीला वीस वर्षांनी यंत्रावर तपासणी, आणि नापास झाली तर भंगार. सरकारी गाड्यांना मात्र सवलत नाही. पंधरा वर्षं झालेल्या सरकारी आणि एसटी महामंडळांसारख्या संस्थांच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपली. आपल्या घरापासून सुरुवात केली, हे सरकारनं चांगलं केलं.

कागदावर हे धोरण मला मुंबईच्या नियमापेक्षा शहाणं वाटतं. पण त्याचा हिशेब एखाद्या जीपवाल्याच्या बाजूनं मांडून पाहा. भंगाराची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मिळेल, असं धोरणात म्हटलं होतं. नवी गाडी दहा लाखांची धरली तर चाळीस ते साठ हजार. कंपनीनं पाच टक्के सूट द्यावी, असा सल्ला, सल्लाच तो. नव्या व्यापारी गाडीच्या करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत. हे सगळं जमेला धरलं तरी आठ-नऊ लाखांचा खड्डा राहतोच. दुसऱ्या बाजूला, १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या टॅक्सीच्या योग्यता दाखल्याची फी हजारावरून सात हजारांवर गेली, बस-ट्रकची दीड हजारावरून साडेबारा हजारांवर. पुढे जुन्या गाड्यांच्या फीत आणखी वाढ झाली. मग तो काय करतो? गाडी भंगारात न देता आणखी आतल्या गावच्या माणसाला विकतो. भंगारवाल्यापेक्षा त्याला तिथे जास्त मिळतात. आणि ती गाडी पुन्हा चालू लागते, फक्त जिथे आरटीओ कमी आणि चढ जास्त अशा रस्त्यावर.

गाड्यांचा हा उतार पूर्वीपासूनचा आहे. एसटीच्या लाल डब्यांकडे पाहा. नव्या असताना त्या लांब पल्ल्याला धावत, मग जिल्ह्याला, शेवटी खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांना. नागपूरजवळ हिंगण्याला महामंडळाची कार्यशाळा आहे. जुन्या चासीवर नवी बॉडी चढवण्याची कामं तिथे होत आली. शहरात बाद झालेलं गावात चालतं, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा अलिखित नियमच आहे. खुर्च्या, टेबलं, पंखे, सगळ्यांनाच तो लागू पडतो. २०१९ मध्ये देशाचा स्वच्छ हवा कार्यक्रम आला तेव्हा ज्या शहरांची हवा सुधारायची त्यांची यादी झाली. त्यात विदर्भातली नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला ही नावं आहेत. वर्धा नाही, मग सेलू तालुक्यातलं केळझर कुठून असणार? नागपूरची जुनी गाडी केळझरला आली की हिशेबाच्या वहीत नागपूरची हवा सुधारते.

आता तर सेलू तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. त्यावरून गुळगुळीत गाड्या सुसाट जातात. आमच्या फाट्यावर मात्र सकाळी एक जीप उभी असते. तिच्या मूळच्या काळ्या-पिवळ्या रंगावर इतके हात बसले आहेत की तिचं वय तिच्या मालकालाही पटकन सांगता येत नाही. चालू करताना ती जो धूर सोडते त्यानं चहाच्या टपरीवरची माणसं तोंडावर रुमाल धरतात. एकदा न राहवून मी त्याला म्हटलं, “अरे, आता हिला मोडीत काढ बाबा. नवीन नियम निघाला आहे.”

तो हसला. म्हणाला, “काढतो न गुर्जी. पन सकाळची यष्टी चुकली त मंग दुसरी कवा येईन? ह्या कालेजच्या पोरी काय उडत जातीन सेलूले?”

मागच्या बाकावर सहा मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं ओढणी नाकाला लावून खिडकीची काच वर करायचा प्रयत्न केला. काच निम्म्यावर अडकलेली होती. त्यानं हॉर्न दिला आणि जीप सेलूच्या दिशेनं निघाली.